अर्थ मंत्रालयाला संसदेत प्रश्न कसा विचारायचा: कर, पेन्शन आणि सरकारी खर्चासाठी मार्गदर्शक

जुलै २०२४मध्ये नागपूरच्या आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचारी संघटनेनं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना एक निवेदन दिलं. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी घेणं म्हणजे माणसाच्या आयुष्यातल्या अनिश्चिततेवरच कर लावणं, असा त्याचा मथितार्थ होता. गडकरींनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून हा कर मागे घेण्याचा विचार व्हावा, असं सुचवलं. पत्र वर्तमानपत्रांत आलं, गाजलं. अधिवेशन चालूच होतं. अर्थ मंत्रालयाला संसदेत थेट आकडा विचारला गेला आणि राज्यमंत्री पंकज चौधरी यांच्या लेखी उत्तरातून तो बाहेर आला: २०२३-२४ या एका वर्षात आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर ८,२६२.९४ कोटी रुपये जीएसटी जमा झाला. पुढे विषय जीएसटी परिषदेत गेला, मंत्रिगट नेमला गेला, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला.

एका प्रश्नामुळे कर गेला, असं मी म्हणणार नाही. त्यामागे बऱ्याच जणांचा रेटा होता. पण त्या लेखी उत्तरानंतर कोणालाही मोघम बोलायची सोय उरली नाही, कारण सरकारनं सभागृहाच्या पटलावर ठेवलेला आकडा सगळ्यांच्या हातात होता. संसदेतल्या प्रश्नाची खरी ताकद इथेच असते. भाषण विरून जातं. लेखी उत्तर मात्र नोंदीत राहतं, आणि ते चुकीचं निघालं तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्ती करावी लागते.

प्रश्न विचारण्याचा अधिकार खासदाराचा, हे खरं. पण खासदाराच्या हातात प्रश्न येतो कुठून? बऱ्याचदा तो संघटना, कार्यकर्ते, निवृत्त कर्मचारी, सनदी लेखापाल, पत्रकार अशा लोकांकडून येतो. आपल्यालाही हे करता येतं. फक्त पद्धत माहीत हवी.

पहिली पायरी: विषय कोणाच्या अखत्यारीतला, हे आधी ठरवा

सर्वांत जास्त प्रश्न वाया जातात ते इथे. अर्थ मंत्रालय म्हणजे एकच कार्यालय नव्हे. कराचं काम महसूल विभागाकडे. त्याखाली प्राप्तिकरासाठी प्रत्यक्ष कर मंडळ आणि जीएसटी-सीमाशुल्कासाठी अप्रत्यक्ष कर मंडळ. सरकारी खर्च, महागाई भत्ता, वेतन आयोग हे व्यय विभागाकडे. बँका, विमा, अटल पेन्शन योजना आणि राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, म्हणजे एनपीएस, वित्तीय सेवा विभागाकडे. अर्थसंकल्प आणि सरकारी कर्ज आर्थिक व्यवहार विभागाकडे.

पेन्शनच्या बाबतीत गोंधळ अधिक. ‘पेन्शन’ म्हटलं की माणूस अर्थमंत्र्यांकडे बोट दाखवतो, पण केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनचे नियम कार्मिक मंत्रालयातला पेन्शन विभाग बघतो. सैनिकांची पेन्शन संरक्षण मंत्रालयाकडे, रेल्वेची रेल्वेकडे. गरीब वृद्धांना केंद्राकडून मिळणारे महिना २०० रुपये, आणि वयाची ८० वर्षं झाल्यावर ५००, ही ग्रामविकास मंत्रालयाची योजना आहे. खासगी कंपन्या, साखर कारखाने, सहकारी संस्था, एसटी अशा ठिकाणच्या निवृत्तांना मिळणारी ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खालची पेन्शन श्रम मंत्रालयाची. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजना तर राज्य सरकारच्या. त्यांच्यावर दिल्लीत प्रश्न लागणारच नाही.

चुकीच्या मंत्रालयाला दिलेला प्रश्न एक तर दुसरीकडे वर्ग होतो किंवा नामंजूर होतो. मात्र थोडं डोकं चालवलं तर विषय दुसऱ्या खात्याचा असूनही प्रश्न अर्थ मंत्रालयालाच विचारता येतो. ईपीएस-९५चंच घ्या. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४पासून महिना १,००० रुपयांवर थांबलेली आहे. ती वाढवावी म्हणून बुलढाण्यात निवृत्तांनी साखळी उपोषण केलं, आंदोलन देशभर गेलं. श्रम मंत्रालयाला विचारलं की उत्तर येतं निधीतल्या तुटीचं. पण किमान पेन्शन २,००० करण्याचा प्रस्ताव श्रम मंत्रालयानं पाठवला होता आणि अर्थ मंत्रालयानं त्याला संमती दिली नाही, हेही संसदेतल्या उत्तरांतूनच समोर आलेलं आहे. मग ‘पेन्शन किती असावी’ हा प्रश्न श्रम खात्याचा, पण ‘तुमच्याकडे आलेल्या प्रस्तावाचं तुम्ही काय केलं’ हा अर्थ मंत्रालयाच्या स्वतःच्या फायलीचा. तो दुसरीकडे ढकलता येत नाही.

दुसरी पायरी: आधी विचारलं गेलंय का, ते शोधा

लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांतले प्रश्न आणि उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मंत्रालय, सदस्याचं नाव, तारीख किंवा विषय टाकून शोधता येतं. एक संध्याकाळ यात घालवाच. एक तर नियमानुसार आधी उत्तर दिलेला प्रश्न जसाच्या तसा पुन्हा लागत नाही, आणि सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहितीही प्रश्नातून मागता येत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: जुनं उत्तर हाच नव्या प्रश्नाचा पाया. ‘अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या अतारांकित (फक्त लेखी उत्तराच्या) प्रश्नाच्या उत्तरात सरकारनं असं म्हटलं होतं, त्यानंतर काय झालं’ असा प्रश्न आला की मंत्रालयाला जुनी फाईल काढावीच लागते.

तिसरी पायरी: सदस्य आणि वेळ निवडा

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. गोव्याचे लोकसभेत २ आणि राज्यसभेत १. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांकडे आधी जावं हे योग्यच, पण ते मंत्री असतील तर त्यांना प्रश्न विचारता येत नाही. मंत्री उत्तर देणाऱ्या बाजूला बसतात. म्हणूनच गडकरींनी पत्र लिहिलं. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे किंवा राज्यसभेचे सदस्य गाठावेत. आणि केवळ विरोधी पक्षाचे खासदारच प्रश्न विचारतात हा समज काढून टाका. लेखी प्रश्न सत्ताधारी सदस्यही भरपूर विचारतात आणि त्यांनाही तेच उत्तर मिळतं.

प्रश्नाची सूचना, म्हणजे नोटीस, किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचे उत्तराचे वार ठरलेले असतात. अलीकडे अर्थ मंत्रालयाचा दिवस लोकसभेत सोमवार आणि राज्यसभेत मंगळवार आहे. तरी अधिवेशनाचा तक्ता जाहीर झाला की तो पाहून घ्यावा. अर्थसंकल्पीय अधिवेशन जानेवारीअखेर सुरू होतं, पावसाळी साधारण जुलैत, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरात. अधिवेशन सुरू झाल्यावर धावत जाण्यात अर्थ नाही. अधिवेशनाची घोषणा होण्याच्या सुमारास आपला मसुदा खासदारांच्या पीएकडे पोचलेला असावा. लोकसभेत एका सदस्याला एका दिवसासाठी पाचच सूचना देता येतात आणि त्यांचा क्रम सोडतीनं लागतो. म्हणजे तुमचा प्रश्न त्या पाचात यायला हवा. ‘साहेब, पेन्शनचं तेवढं बघा’ असं सांगून आलात तर तो येणार नाही. टाईप केलेला, आकड्यांनिशी तयार मसुदा दिलात तर येण्याची शक्यता बरीच वाढते, कारण पीएचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. सूचना हिंदी किंवा इंग्रजीत जाते. मराठी मसुद्यासोबत तसा अनुवाद दिला तर उत्तमच.

चौथी पायरी: प्रश्न लिहिणं

इथे घाई करू नका. १५० शब्दांची मर्यादा असते, आणि एकेक शब्द मोजून वापरायचा असतो.

आपल्याकडच्या निवेदनांमध्ये सर्रास आढळणारा मसुदा असा असतो: ‘निवृत्तांना मिळणारी पेन्शन अत्यंत तुटपुंजी आहे हे खरे आहे काय? असल्यास, सरकार त्याबाबत कोणती पावले उचलत आहे?’ भावना शंभर टक्के खरी. पण प्रश्न म्हणून हा निकामी आहे. ‘तुटपुंजी’ हे मत झालं, आणि मत मागणारा किंवा मत मांडणारा प्रश्न नियमात बसत नाही. बसवून घेतला तरी उत्तरात सरकारी योजनांची दोन पानी माहिती येईल आणि मूळ मुद्दा तसाच राहील.

त्याहून मोठा धोका ‘असल्यास’ या शब्दात आहे. संसदेतल्या प्रश्नाचे अ, आ, इ असे भाग असतात. पहिला भाग ‘आहे काय’ असा, आणि पुढचे सगळे ‘असल्यास’, ‘त्याचा तपशील’ असे पहिल्याला बांधलेले असतील, तर मंत्रालय पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणतं आणि उरलेल्या सगळ्यांना एकच ओळ लावतं: प्रश्न उद्भवत नाही. एका शब्दात अख्खा प्रश्न निकालात. विधिमंडळाची प्रश्नोत्तरं वाचणाऱ्यांना ही ओळ तोंडपाठ असते.

म्हणून प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहा. ईपीएस-९५चाच मसुदा पुन्हा करून पाहू:

‘वित्तमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (अ) कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खालील किमान पेन्शन वाढवण्यासंबंधी गेल्या पाच वर्षांत श्रम मंत्रालयाकडून आलेले प्रस्ताव, त्यांच्या तारखांसह, (आ) प्रत्येक प्रस्तावात सुचवलेली किमान पेन्शन आणि त्यासाठी दाखवलेला वार्षिक खर्च, (इ) प्रत्येक प्रस्तावावर घेतलेला निर्णय, तारीख आणि कारणे, (ई) आजमितीस प्रलंबित असलेले प्रस्ताव आणि ते कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहेत, आणि (उ) या योजनेसाठी गेल्या पाच वर्षांत केंद्राने दिलेले वर्षनिहाय अर्थसाहाय्य?’

यात कुठेही तक्रार नाही, विशेषण नाही. मुदत ठरलेली आहे: पाच वर्षं. ‘वर्षनिहाय’ मागितलंय, म्हणजे पाच वर्षांची एकच बेरीज देऊन भागणार नाही. (अ)ला ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तरी (उ) शिल्लक राहतो. आणि (अ)ला ‘एकही नाही’ म्हटलं तर तेच उत्तर श्रम मंत्रालयाच्या आधीच्या उत्तरासमोर ठेवता येतं.

आकडा मागितला की आकडा मिळतो, याचं एक उदाहरण केंद्रीय कर्मचारी आणि पेन्शनधारक विसरणार नाहीत. कोविडच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. थकबाकी द्या, ही मागणी संघटना करत राहिल्या. मार्च २०२३मध्ये लोकसभेतल्या लेखी उत्तरात सरकारनं सांगितलं की थकबाकी देणं व्यवहार्य वाटत नाही, आणि या गोठवणीतून ३४,४०२.३२ कोटी रुपये वाचले. उत्तर लाखो लोकांना न आवडणारं होतं. पण आता मागणी किती रकमेची आहे, हे सरकारच्याच तोंडून नोंदलं गेलं.

आणखी काही गोष्टी टाळाव्या लागतात. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण नको. संसदेच्या समितीपुढे असलेला विषय नको. एका व्यक्तीची वैयक्तिक तक्रारही नको. कोणाची पेन्शन अडकली असेल तर त्यासाठी तक्रार निवारणाचं सरकारी पोर्टल आहे. मात्र तशाच शेकडो पेन्शनी अडकल्या असतील तर ‘३१ मार्चअखेर सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित प्रकरणांची राज्यनिहाय संख्या’ हा चोख प्रश्न होतो.

तारांकित की अतारांकित?

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. साहजिकच सगळ्यांना तारांकित हवा असतो. पण २० तारांकितांपैकी तासाभरात चार-सहाच प्रत्यक्ष पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखीच मिळतात. लोकसभेत २७ नोव्हेंबर २०१९ रोजी विसाच्या वीस प्रश्न झाले तेव्हा त्याची बातमी झाली, कारण असं १९७२नंतर प्रथमच घडलं होतं.

माझा सल्ला स्पष्ट आहे. आकडे हवे असतील तर अतारांकित. धोरणावर मंत्र्यांना उभं करून बोलतं करायचं असेल आणि तुमचे खासदार तयारीचे असतील, तर तारांकित. शिवाय गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तरी लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातातच. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची उत्तरं आली.

पाचवी पायरी: उपप्रश्नांची तयारी

तारांकित लागलाच, तर त्या दिवशी सकाळी तास सुरू होण्याआधी उत्तराची प्रत सदस्याच्या हाती येते. लोकसभेत हा तास ११ वाजता, राज्यसभेत १२ वाजता. मूळ सदस्याला लोकसभेत दोन उपप्रश्न मिळतात. मंत्र्यांच्या बाजूला अधिकारी दीर्घेत बसलेले असतात, चिठ्ठ्या पाठवत असतात. तुमच्या खासदारांकडे मात्र तुम्ही आदल्या दिवशी दिलेला कागदच असतो. त्यामुळे उत्तर तीन प्रकारे येऊ शकतं असं धरून तीन कागद करा: पूर्ण नकार, अर्धवट आकडे, आणि ‘विचाराधीन’. प्रत्येकावर दोन-दोन ओळींचा उपप्रश्न. उपप्रश्न लांबला की अध्यक्ष थांबवतात आणि मंत्र्यांना त्यातला सोपा भाग उचलायची संधी मिळते. एका दमात म्हणता येईल एवढाच ठेवा.

सहावी पायरी: उत्तर वाचणं

आधी परिशिष्ट वाचा. पहिल्या पानावर प्रास्ताविक असतं; खरा माल शेवटच्या तक्त्यात. तक्त्यातही वरचं शीर्षक, खालची तळटीप आणि ‘तात्पुरते’ असा शेरा आधी पाहा. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या योजनेला फेब्रुवारीत मोठी तरतूद जाहीर होते, पुढच्या फेब्रुवारीत सुधारित अंदाजात ती कमी झालेली असते, आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून खाली असू शकतो. उत्तरात फक्त अर्थसंकल्पीय अंदाज दिले असतील तर पुढचा प्रश्न तिथेच तयार झाला.

मग भाषा. ‘असा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही’ या वाक्यात ‘असा’ आणि ‘सध्या’ हे दोन शब्द वजनदार आहेत. वेगळ्या स्वरूपाचा प्रस्ताव असू शकतो, आणि तो आधी येऊन गेलेला असू शकतो. ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ असं आलं तर पुढच्या वेळी ती कोण ठेवतं, हे विचारा. जीएसटीच्या दरांबाबत हमखास येणारं उत्तर म्हणजे दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीनुसार ठरतात. ते घटनेनुसार बरोबर आहे. मग विचारायचं ते हे की परिषदेच्या कोणत्या बैठकीत विषय आला, मंत्रिगट कधी नेमला आणि त्याचा अहवाल कधीपर्यंत येणार.

उपकराचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात महाराष्ट्राचा थेट हिशेब गुंतलेला आहे. केंद्रीय करांतला वाटा राज्यांना मिळतो, पण उपकर आणि अधिभार घटनेच्या कलम २७०नुसार त्या वाटपातून वगळलेले आहेत. उपकर ठरावीक कामासाठी घेतला जातो; तो त्या कामाच्या राखीव निधीत जायला हवा. कॅगनं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१८-१९च्या लेख्यांवरच्या अहवालात दाखवलं की त्या वर्षी ३५ उपकरांतून सुमारे २.७५ लाख कोटी रुपये आले, पण राखीव निधींत वर्ग झाले फक्त १.६४ लाख कोटी. बाकीचे भारताच्या एकत्रित निधीतच राहिले. म्हणून उपकराबाबत ‘किती जमा झाला’ एवढंच विचारून थांबू नका. उपकरनिहाय जमा, त्या त्या निधीत वर्ग केलेली रक्कम आणि त्या निधीतून झालेला खर्च, अशा तीन रकान्यांचा तक्ता मागा. पहिल्या दोन रकान्यांतला फरक कोणाच्या भाषणाशिवाय दिसतो.

सातवी पायरी: पाठपुरावा

‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’ हे वाक्य वाचून बरेच जण हात टेकतात. खरं तर या वाक्याला किंमत आहे: ते सरकारचं आश्वासन ठरतं. आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते, आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांत आश्वासन समित्या आहेत. लोकसभेची १९५३पासून. उत्तराची तारीख आणि क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिने उलटले आणि काही आलं नाही, तर खासदारांना समितीकडे पत्र द्यायला सांगा. मंत्रालय आश्वासनातून मोकळं करा अशी विनंती करू शकतं, पण तीही समितीपुढे कारणांसह करावी लागते.

उत्तर आलं पण अपुरं असेल तर लोकसभेत नियम ५५खाली अर्धा तास चर्चा मागता येते. शून्य प्रहर, लोकसभेतला नियम ३७७ आणि राज्यसभेतला विशेष उल्लेख हे मार्गही आहेत. ते विषय नोंदवायला चांगले, आकडे मिळवायला नाहीत. लोकसभेत मिळालेल्या उत्तरातली फट राज्यसभेच्या सदस्याकडून विचारून घेणं हा सगळ्यात फलदायी मार्ग.

चिकाटीनं काय होतं याचं आपल्या संसदेतलं सर्वांत मोठं उदाहरण मुंदडा प्रकरण. १९५७ साली नुकत्याच राष्ट्रीयीकृत झालेल्या आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या शेअर्समध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये घातले. लोकसभेत प्रश्न आला, उत्तर समाधानकारक नव्हतं, सदस्यांनी तो पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणला. डिसेंबरात फिरोझ गांधी यांनी कागदपत्रांनिशी मांडणी केली, आणि ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि अहवाल झपाट्यानं दिला. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विमेदारांचा पैसा कुठे गेला, एवढ्याच एका प्रश्नापासून हे सुरू झालं होतं.

खर्चाबाबत: प्रश्नोत्तरांच्या पलीकडे

अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. त्यानंतर मधल्या सुटीत विभागवार स्थायी समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, तपासतात. अशा प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. अर्थविषयक स्थायी समितीपुढे मंत्री येत नाहीत, सचिव येतात, आणि बंद दाराआड तासन्‌तास प्रश्न होतात. तिथे प्रसारमाध्यमं नसल्यानं बोलणं कामाचं होतं. समितीचे अहवाल प्रकाशित होतात आणि त्यात मंत्रालयाची लेखी उत्तरंही छापलेली असतात. मी कोणत्याही नव्या विषयावर मसुदा करायचा झाला तर आधी हे अहवाल चाळतो. पुढच्या प्रश्नासाठी त्यात भरपूर सापडतं. समितीत आपल्या राज्याचे कोण सदस्य आहेत ते पाहून फेब्रुवारीतच त्यांच्याकडे टिपण पोचवा.

मग लोकसभेत मागण्यांवर मतदान होतं. राज्यसभा चर्चा करते, मतदान करू शकत नाही. लोकसभेचे सदस्य कपात सूचना देऊ शकतात: धोरणाला विरोध म्हणून मागणी १ रुपयावर आणा, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करा, किंवा एखाद्या तक्रारीकडे लक्ष वेधायला १०० रुपये कमी करा. शेवटच्या प्रकारात पेन्शनधारकांचा विषय छान बसतो. पण वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर होतात, ज्याला गिलोटिन म्हणतात. २३ मार्च २०२३ला गदारोळात लोकसभेनं सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. एवढ्या पैशांच्या एकाही मागणीवर सभागृहात चर्चा झाली नाही, याचं वाईट वाटायलाच हवं. लेखी प्रश्न आणि समितीची वाट मी पुन्हा पुन्हा सुचवतो, ती यासाठीच.

पैसे खर्च झाल्यानंतरचा हिशेब लोकलेखा समिती कॅगच्या अहवालावरून तपासते. तिचं अध्यक्षपद १९६७पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

राज्याचा विषय असेल तर

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र सरकारच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन, राज्य जीएसटीचे परतावे, निराधार योजनेची थकबाकी, हे सगळं विधिमंडळात विचारायचं. मार्च २०२३मधला जुन्या पेन्शनचा संप आठवत असेल, तो याच विषयावर होता. विधानसभा २८८ सदस्यांची, विधान परिषद ७८ची, आणि परिषदेतले शिक्षक व पदवीधर मतदारसंघांचे आमदार पेन्शनचे प्रश्न आवर्जून घेतात. इथे प्रश्न मराठीतच जातो: ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, ‘हे खरे आहे काय’ अशा ठरलेल्या सुरावटीत. उत्तरात ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं तर कोणता अंश, तेवढ्यावरच पुढचा प्रश्न टाका. लक्षवेधी सूचना आणि अर्धा तास चर्चा ही हत्यारंही आहेत. जवळपास प्रत्येक अधिवेशनात येणाऱ्या पुरवणी मागण्यांच्या पुस्तकाकडे मात्र फार कमी लोक बघतात. मार्चमध्ये न दाखवलेला खर्च तिथे दिसतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बहुधा पहिल्या दिवशीच ते पटलावर येतं.

गोव्यात हेच काम एलएक्यू, म्हणजे विधानसभा प्रश्न, या नावानं चालतं, आणि सभागृह ४० जणांचं असल्यानं आमदारांपर्यंत पोचणं सोपं आहे. पणजीतल्या किंवा मडगावातल्या पेन्शनरांच्या संघटनेनं तयार मसुदा नेऊन दिला तर तो त्याच अधिवेशनात लागू शकतो. उत्तराची प्रत मिळाली की प्रश्न क्रमांक, तारीख आणि परिशिष्टासह ती संघटनेच्या दप्तरात लावा, म्हणजे पुढच्या अधिवेशनासाठी मसुदा करणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.